खपली : साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या लोखंडाचा इतिहास



दसरा जवळ आला की आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण सत्तरी ओलांडलेल्या जिभेला वळण लागायला वेळ लागतो, तेवढी सवलत द्यावी) वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात संपन्न.’ फोटोत भट्टीचं दार, फुलांच्या माळा, सपत्नीक पूजेला बसलेले संचालक. खाली गाळपाचं उद्दिष्ट, विजेचं उद्दिष्ट, भावाबद्दल एखादं आश्वासन. ही बातमी आम्ही पन्नासेक वर्षं वाचत आलो आहोत. ज्याची पूजा होते त्या बॉयलरच्या पोटात पुढचे पाच महिने काय चालतं, हे मात्र त्या बातमीत कधी वाचल्याचं आठवत नाही. आज तेच बोलायचं आहे. धगधगत्या वायूंत हंगामभर उभं राहिलेलं लोखंड टिकतं कसं, आणि त्याच्या टिकण्यावर आपल्या जिल्ह्याचा किती इतिहास उभा आहे.

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरला बॉयलरशी काय करायचंय. आमचे मामा एका कारखान्यात फायरमन होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, ती गोष्ट कुठेही घडली असती. 1964-65 चा हंगाम असावा. आम्ही शाळकरी, सुट्टीत मामांकडे गेलेलो. एका पहाटे मोठा फुत्कार झाला, मग सगळीकडे शांत. ट्यूब फुटली होती. बॉयलर थंड करायचा, आत माणूस जाईल इतका निववायचा, फुटलेल्या नळीला दोन्ही टोकांनी प्लग मारायचा, मग पुन्हा पेटवायचा. दोन दिवस गेले. गव्हाणीपासून रस्त्यापर्यंत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळतो, वजन घटतं, साखर उतरते, आणि तो तोटा शेतकऱ्याच्या पदरात पडतो. मामांनी त्या फुटलेल्या नळीचा तुकडा घरी आणला. वीतभर असेल. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ, आणि त्यावर करड्या-काळ्या खपल्या. आम्ही नखाने एक खपली काढली. खाली पुन्हा काळंच. तो तुकडा पुढे कितीतरी वर्षं आमच्या टेबलावर कागदांवरचं वजन म्हणून होता.

खपली हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. लोखंड आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तापलेल्या लोखंडाचा गंज पावसात भिजलेल्या विळ्याच्या तांबड्या गंजासारखा भुसभुशीत नसतो. लोहाराच्या ऐरणीवर लाल लोखंडाला घण बसला की काळे पापुद्रे उडतात, तो हा गंज. आयुर्वेदवाल्यांनी त्याला लोहकिट्ट म्हटलं, जुन्या किट्टाला मंडूर म्हटलं आणि त्याचं औषधही केलं. युरोपात मात्र फार काळ समजूत अशी की धातू तापवला की त्यातून ‘फ्लोजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर निघून जातं. जळणं म्हणजे जाणं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिएने तराजू पुढे ठेवला. जळलेल्या धातूचं वजन घटत नाही, वाढतं. म्हणजे काही गेलेलं नाही, हवेतलं काही येऊन चिकटलं आहे. आम्ही वर्गात हे उदाहरण कारणमीमांसा शिकवताना द्यायचो, आणि दरवेळी त्या नळीच्या तुकड्याची आठवण यायची.

आता गंमत पाहा. जे येऊन चिकटलं, तेच पुढच्याला अडवतं. जखमेवर खपली धरली की आतली कातडी झाकली जाते, तसं. 1920 च्या सुमारास जर्मनीत टामान यांनी, आणि 1923 मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ यांनी हे मोजून दाखवलं. थर जाड होत जातो तसा त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. पहिल्या दिवसात जेवढा थर, त्याच्या दुप्पट व्हायला चार दिवस, तिप्पट व्हायला नऊ. पुढे 1933 मध्ये कार्ल वाग्नर यांनी त्याचं कारण उलगडलं. थराच्या आरपार धातूचे आणि प्राणवायूचे भारित कण सरकत राहतात, आणि थर जाड झाला की त्यांची वाट लांबते. म्हणजे धातू आगीत टिकतो तो न गंजल्यामुळे नव्हे, तर नीट गंजल्यामुळे. अट एवढीच की खपली अखंड हवी, चिकटून राहायला हवी आणि आतून-बाहेरून फार सैल नको. साध्या लोखंडाची खपली साधारण 570 अंश सेल्सिअसपर्यंत बरी असते. त्याच्यावर गेलं की तिच्यात एक सैल जातीचा थर तयार होतो, आणि तो भराभर वाढतो.

म्हणून माणसाने लोखंडात क्रोमियम घातलं. या कथेच्या सुरुवातीला आपलाही धागा आहे. 1820 च्या सुमारास मायकेल फॅरडे आणि स्टोडार्ट हे हिंदुस्थानातून गेलेल्या वुट्झ पोलादाचं रहस्य शोधत होते, आणि त्या नादात त्यांनी पोलादात नाना धातू मिसळून पाहिले. क्रोमियम त्यांपैकीच एक. पुढे 1906 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमच्या तारेचं पेटंट घेतलं. तुमच्या घरातल्या विजेच्या शेगडीची लालभडक तार रोज तापूनही वर्षानुवर्षं टिकते, ती त्या शोधामुळे. 1913 मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली यांचं न गंजणारं पोलाद आलं. या सगळ्यांत युक्ती एकच. लोखंडाच्या आधी क्रोमियम गंजतं आणि त्याची खपली फार दाट, फार पातळ असते. डोळ्यांना दिसतही नाही. तीच खरी ढाल.

धातू आणि आग यांचा संबंध नगरला नवा नाही. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती 1549 मध्ये निजामशाहीत इथेच, अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा रूमचा, म्हणजे तुर्कस्तानाकडचा कारागीर. ती पुढे परांड्यामार्गे विजापुरास गेली. तांबं आणि कथील यांचा तो मिश्रधातू, घंटेच्या धातूच्या जवळचा. पण तोफेच्या धातूला तप्त वायू सोसायचे ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत. कारखान्याच्या नळीला तेच दीडशे-एकशेसाठ दिवस, रात्रंदिवस सोसायचे असतात. वीरमरण आणि संसार यांत जो फरक आहे, तसलाच काहीसा.

संसाराकडेच वळू. प्रवरेच्या खोऱ्यात 1926 मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला. त्याआधी गुऱ्हाळं होतीच. चुलवाणावर काहील, खाली चिपाडांचा जाळ. काहिलीचा तळ वर्षागणिक पातळ होतो हे गुळव्याला माहीत होतं. मग हरेगावची बेलापूर कंपनी, नंतर 1933 ची महाराष्ट्र शुगर मिल्स, जिथे टिळकनगर वसलं. आणि 1950-51 च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष, वैकुंठभाई मेहतांचा पाठिंबा. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही. पुढे कोपरगाव, राहुरी, संगमनेर, सोनई, भेंडा, अकोले अशी धुराड्यांची रांग उभी राहिली.

या साऱ्या कारखान्यांचं एक वैशिष्ट्य फार कमी लोकांच्या लक्षात येतं. ते स्वतःचं जळण स्वतःच तयार करतात. एक टन ऊस पिळला की 280 ते 300 किलो भुसा उरतो. बगॅस म्हणा. त्यात निम्मं पाणी असतं, तरी तो जळतो, त्यावर वाफ होते, वाफेवर चरकाची चाकं फिरतात आणि रसही आटतो. सुरुवातीच्या काळात उलट भुसा उरायचा आणि त्याचं करायचं काय हा प्रश्न असायचा. म्हणून बॉयलर मुद्दाम फार काटकसरी नसायचे. दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा, पंधरा, फार तर एकवीस किलो. वाफेचं तापमान सव्वातीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत. भट्टी हजार अंशांच्या आसपास असली तरी नळीच्या आतून वाफ वाहत असते, ती नळीला थंड ठेवते. त्यामुळे साध्या पोलादाच्या नळ्यांना क्रोमियमची गरज भासत नव्हती. मामांची नळी फुटली ती बहुधा उडत्या राखेने घासून घासून. एकाच बाजूने पातळ झाली होती, त्यावरून आमचा हा अंदाज.

खरा बदल 1990 च्या दशकात आला. रियुनियन बेटावर 1992 मध्ये हंगामात बगॅसवर आणि एरवी कोळशावर चालणारं उच्चदाबाचं वीजकेंद्र सुरू झालं होतं. आपल्या केंद्र सरकारनेही बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीला उत्तेजन द्यायला सुरुवात केली. त्यामागचा हिशेब सरळ आहे. वाफ जितकी तापलेली आणि दाबाखालची, तितकी त्याच भुशातून वीज जास्त. जुन्या कारखान्यात वीज आपल्यापुरती व्हायची. नव्यात टनामागे शंभर युनिटच्या पुढे जाऊ लागली. मग दाब 45, 67, 87, 110 असा चढत गेला आणि वाफ 480 पासून 540 अंशांपर्यंत गेली. ज्या दिवशी वाफ पाचशेच्या पुढे गेली, त्या दिवशी सुपरहीटरच्या नळीची कातडी साध्या लोखंडाच्या कुवतीबाहेर गेली. सव्वादोन टक्के क्रोमियमच्या नळ्या आल्या, मग नऊ टक्क्यांच्या, आणि सर्वांत तापलेल्या जागी अठरा टक्क्यांच्या स्टेनलेस. दर अर्थातच त्या मानाने.

इथे आपल्या उसाचं नशीब थोर. डेन्मार्कमध्ये याच काळात गव्हाच्या पेंढ्यावर वीज करायला लागले तेव्हा त्यांच्या नळ्या भराभर खाल्ल्या गेल्या. पेंढ्यात पोटॅश आणि क्लोरीन फार. एन्स्टेडच्या केंद्रात त्यांनी अखेर पेंढ्यावर वाफ 470 अंशांपर्यंतच तापवली, आणि पुढची 542 पर्यंतची मजल लाकडाच्या ढलप्यांच्या वेगळ्या बॉयलरवर मारली. आपला भुसा मात्र चरकात पाणी मारून धुतला जातो. साखर निघावी म्हणून ते पाणी मारतात, पण साखरेबरोबर पोटॅश आणि क्लोरीनही विरघळून रसात जातं. भट्टीत जातो तो धुतलेला भुसा. हे कोणी नळ्या वाचाव्यात म्हणून केलं नव्हतं. साखरेच्या लोभाने केलेलं काम लोखंडाच्या उपयोगी पडलं.

पण रसात गेलेलं पोटॅश जातं कुठे? साखरेच्या दाण्यात ते बसत नाही, म्हणून मळीत राहतं. मळी डिस्टिलरीत जाते, अल्कोहोल निघतं, पोटॅश तसंच खाली. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी उरतं, त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत डिस्टिलरीजवळच्या ओढ्याचं पाणी पाहिलं आहे, त्यांना त्याचा रंग आणि वास सांगायला नको. 2003 मध्ये केंद्राने उद्योगांसाठी पर्यावरणाची जी सनद आणली, तिच्यात हे पाणी ओढ्यानदीत सोडायचं नाही असं ठरलं. मग एक वाट निघाली. ते आटवायचं, निम्म्याहून अधिक घनपदार्थ होईल इतकं दाट करायचं, आणि बॉयलरमध्ये जाळायचं. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलची मागणी वाढली, आसवन्या वाढल्या, आणि असे बॉयलरही वाढले.

झालं काय, ते पाहा. चरकात धुऊन काढलेलं पोटॅश रस, मळी, स्पेंटवॉश असा फेरा मारून पुन्हा भट्टीतच आलं, आणि तेही एकवटून. आमची आजी राखेने भांडी घासायची. राखेतला क्षार तूप-तेल तोडतो. तोच क्षार क्रोमियमच्या खपलीलाही तोडतो. पोटॅश आणि क्रोमियमची ती दाट खपली एकत्र आली की पोटॅशियम क्रोमेट बनतं, खपलीतलं क्रोमियम संपत जातं आणि मागे राहते ती विरविरीत. क्लोरीनचं काम आणखी कावेबाज. ते फटींतून खपलीखाली शिरतं, लोखंडाला धरतं आणि वाफरूपाने बाहेर आणतं. बाहेर प्राणवायू भेटला की लोखंड त्याच्या हवाली करतं आणि स्वतः मोकळं होऊन पुन्हा आत जातं. ग्रॅबके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात जर्मनीत याचा नीट अभ्यास केला. आम्हाला त्यात मार्केट यार्डातला दलाल दिसतो. माल याचा, पैसा त्याचा, दलाल कमी होत नाही. वर पोटॅशियम क्लोराइड आणि लोहाचं क्लोराइड मिसळलं की ते मिश्रण चारशे अंशांच्याही आत वितळतं. नळीवर अशी ओली, चिकट राख बसली की खपलीला खपलीपणच उरत नाही.

म्हणूनच स्पेंटवॉश जाळणारे बॉयलर साधारण 45 किलोच्या दाबावर आणि चारशे अंशांच्या आसपासच चालवतात. शेजारी भुशाचा बॉयलर 540 अंशांवर, आणि हा चारशेवर. आवारातल्या दोन धुराड्यांमधलं हे अंतर कोणत्या संचालक मंडळाने ठरवलेलं नाही. ते राखेने ठरवलं. पाचट जाळण्याचा उत्साह सध्या बराच आहे, त्याबद्दलही हेच. पाचट चरकातून गेलेलं नसतं, म्हणजे धुतलेलं नसतं. थोडं मिसळलं तर चालतं, किती ते नळीला विचारून ठरवावं लागतं. आमच्या मते हा प्रश्न वार्षिक सभेत विजेच्या युनिटांइतकाच विचारला गेला पाहिजे, कारण सुपरहीटरची नवी नळी शेवटी सभासदाच्याच उसातून येते. फुटली तर भट्टीच्या दाराशी उभा असतो तो दुसऱ्या कुणाचा तरी मामा.

नळीला विचारायचं म्हणजे काय? हंगाम संपला की बॉयलर उघडतात, राख झाडतात, आणि अल्ट्रासोनिक यंत्राने एकेका नळीची जाडी मोजतात. गेल्या वर्षीचा आकडा, यंदाचा आकडा. ज्या नळ्या पातळ झाल्या त्या कापून नव्या घालतात. काही वर्षांत बहुतेक नळ्या बदललेल्या असतात. ग्रीक लोकांचं थिसियसच्या जहाजाचं कोडं तुम्हाला आठवत असेल. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरं? आम्ही त्यावर तासन्‌तास बोललो आहोत. 1923 च्या बॉयलर कायद्याने ते एका ओळीत सोडवलं. बॉयलरवर नोंदणी क्रमांक कोरायचा. क्रमांक तोच तर बॉयलर तोच. 2025 मध्ये नवा कायदा आला, नोंदणी कायम आहे.

पण त्या जाडीच्या आकड्यांच्या वह्या? आम्ही निवृत्तीनंतर चार-पाच कारखान्यांत विचारत फिरलो. जुन्या बॉयलरचं काय झालं, तर भंगारात गेला. लॉगबुकं? तीही रद्दीत, काही उंदरांनी खाल्ली. एका ठिकाणी एका निवृत्त बॉयलर अटेंडंटने घरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली तीन वह्या आणून दिल्या. सात हंगामांचे आकडे, निळ्या आणि लाल शाईत. ज्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि भुसा कमी पडला म्हणून बाहेरचं जळण आणलं, त्या वर्षी लाल आकडे जास्त आहेत. सहकाराच्या इतिहासाची पुस्तकं आमच्या कपाटात दीड फूट आहेत. त्यांत हे एकाही पानावर नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी वही, ट्यूबचा तुकडा, जुन्या फायरमनने लिहिलेलं काही असेल तर टाकू नका. आम्हाला कळवा, आम्ही येऊन पाहू.

एक राहिलं. त्या स्पेंटवॉशच्या बॉयलरमधून जी राख निघते, तिच्यात पोटॅश भरपूर असतं. सरकारने मळीपासूनचं पोटॅश म्हणून तिला खताचा दर्जा दिला आहे, साडेचौदा टक्के पोटॅश असं प्रमाण धरून. म्हणजे उसाने जमिनीतून उचललेलं रसातून, मळीतून, आगीतून, नळ्या खाऊन, पोत्यात भरून परत शेतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही बांधावर अशी पोती पाहिली. शेतकऱ्याला विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, “सर, हलकं पडतंय, पण पाऊस लागला की लगेच विरघळतं.”

आता प्रश्न घेऊ.